बुटांची तोंडं बाहेरच्या बाजूला

१

"…चैतन्यच येतो म्हणे तिथे नाचायला, आणि मित्राला तो…"

एवढ्यात गिरणीचा पट्टा थांबला. पट्टा चालू असताना आमच्याकडच्या बायका एकमेकींच्या कानात ओरडून बोलतात. तो थांबला की तोंडातला शेवटचा शब्द अख्ख्या गिरणीला ऐकू जातो. शीतलचं तसंच झालं. तिने मान वळवली, मला पाहिलं आणि वसुधाला म्हणाली, "गव्हात खडे फार येतात गं हल्ली."

मी काही चोरून ऐकत नव्हते. माझा ज्वारीचा डबा रांगेत होता.

"मित्राला तो काय?" मी विचारलं.

"कुठे काय, रतनताई?"

"आत्ता म्हणालीस ना."

"काहीतरीच तुमचं. कानात पीठ गेलंय तुमच्या."

वसुधा हसली, पण डोळे खाली घालून. तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही. चारकोपच्या आमच्या सेक्टरात कुणाकडे पाहुणा आला तर चहाचं आधण ठेवायच्या आधी रतनला बातमी लागते, असं आमचे मालक भीमराज सगळ्यांना सांगत असतात. आणि ही तर शेजारची गोष्ट. मित्रा म्हणजे संघमित्रा, माझ्या भिंतीपलीकडच्या लताची मुलगी. चैतन्य तिचा मोठा भाऊ. कावीळ होऊन गेला, त्याला दोन पावसाळे झाले. लताला आता ती एकच पोरगी उरली आहे.

ज्वारी तशीच ठेवून मी घरी आले.

२

मित्रा लॅपटॉपवर गाणी बनवते. पहिल्यांदा तो आवाज भिंतीतून आला तेव्हा मला वाटलं, लता मसाला कुटतेय. पण इतक्या जोरात मसाला कुटला तर खल फुटेल. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर नाचायला लागलं तशी मी भांडायलाच गेले.

मित्राने आपले मोठे हेडफोन माझ्या कानांवर बसवले. आधी काही समजेना. काळजाच्या पुढे पुढे पळणारे ठोके नुसते. मग त्या ठोक्यांच्या खाली कुठेतरी एक बारीक सूर लागला, जिना उतरताना लहान मूल स्वतःशीच गुणगुणतं ना, तसा. मी शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं, मावशी?"

"जीव घाबरा झाला. परत लाव."

ती एवढी हसली की आतून लता बघायला आली. चैतन्य गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा हसणं ऐकलं.

"याला हार्डकोअर म्हणतात," मित्रा म्हणाली. "आणि हा खालचा ठोका दादाचा आहे. ओळखलंस?"

ओळखला. आमच्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत चैतन्य नाचायचा तेव्हा बायका गॅलरीत उभ्या राहून फक्त त्याचे पाय बघायच्या. डाव्या टाचेने दोनदा, मग उजवा पाय अख्खा. टक-टक, धप. कुणाला ते जमलं नाही. मित्राने ते गाण्यात घातलं होतं, नुसतं वेगात. पोरीच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

गिरणीतून आले त्या दिवशी तिने सांगितलं की मित्रमंडळींनी मिळून एक कार्यक्रम सुरू केलाय, दोनदा झालाही. नाव 'ठोका'. जागा इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, जिथे दत्ताराम सर कराटेचे क्लास घेतात. दर दुसऱ्या रविवारी दुपारचा क्लास सुटला की सुरू, आणि लाऊडस्पीकरच्या नियमाने रात्री दहाला बंद. सरांची अट एकच होती: मॅटवर बूट चालणार नाहीत.

"तर मावशी, बूट सांभाळायला कोणीतरी विश्वासाचं पाहिजे."

हे तिने मला विचारायची गरजच नव्हती. विहारात वंदनेला, पौर्णिमेला चपला मीच सांभाळते. कित्येक वर्षं चैतन्य माझ्या जोडीला असायचा. मी चपला रांगेत लावायचे, तो पाठीमागून येऊन प्रत्येक जोडाचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "आत जाताना माणूस घाईत असतो, मावशी. निघताना तरी त्याला सोपं जावं." कुणी शाबासकी दिली की लाजून पळायचा.

आता गिरणीतलं ते अर्धं वाक्य पूर्ण कुठे होणार हे मला समजलं. त्याच गाळ्यात. मी मित्राला म्हटलं, "येते की."

३

खरं सांगते, जाताना मी पोरांच्या पिशव्या हुंगायचं ठरवूनच गेले होते. रेव्ह पार्टी म्हटलं की बातम्यांत काय काय दाखवतात. पण तिथे वासच आला तर बोंबलाचा. निमेश नावाचा मित्राचा दोस्त आहे, गोराईच्या कोळीवाड्यातला. त्याने आईची मासळीची बर्फपेटी आणली होती, आणि तिच्यात कोकम सरबताच्या बाटल्या.

"तीन वेळा धुतली, मावशी," तो म्हणाला.

"चौथ्यांदा धू."

शटर अर्धं खाली ओढलेलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आतून जुन्या गोधड्या टांगलेल्या. पोरांनी घराघरातून मागून आणल्या होत्या. त्यातली एक माझी, माझ्या लग्नातल्या लुगड्याची. शटरच्या बाहेर पॅसेजमध्ये मी स्टूल टाकून बसले आणि इस्टेटचा वॉचमन चंद्रप्रकाश माझ्यासमोर उभा राहून काळजी करू लागला.

"दीदी, इतना आवाज में बच्चा लोग बहरा हो जाएगा."

"तेरे को काय, तू तो आधीच कमी ऐकतो," मी म्हटलं.

पोरं आली. हिरव्या केसांची, नाकात रिंगवाली, एक तर रविवार असूनही बँकेच्या शर्टातच, ऑफिसचा पट्टा गळ्यात. बूट काढताना प्रत्येक जण मला 'थँक्यू मावशी' म्हणत होता. एका मुलीने माझ्या तळहातावर स्पंजाची दोन बोंडं ठेवली, "कानात घाला हां, नक्की," म्हणून. आमच्या लग्नाच्या हॉलमध्ये इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

मित्राने सुरू केलं तेव्हा माझं स्टूल सरकलं. गोधडीच्या फटीतून मी पाहिलं. एवढीशी पोर स्पीकरच्या दोन उंच पेट्यांच्या मध्ये, केस वर बांधलेले, आणि पायमोजे घातलेले एवढे सगळे जीव तिच्या बोटावर उडतायत. कुणी कुणाला धक्का देत नाही. एखादा पडला की चार हात त्याला उचलतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लताने हे बघायला हवं होतं.

४

अंधार पडायच्या सुमाराला चंद्रप्रकाशने गेटवर चहा मागवला. मी उठून तो घेऊन आले, तेवढाच वेळ. परत आले तर सगळे बूट सरळ रांगेत, आणि सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला.

मी ते तसे लावले नव्हते. माणूस दाराकडे चालत येतो, बूट काढतो, त्यामुळे तोंड आतच राहतं. मी नुसत्या जोड्या जुळवून सुतळीने बांधल्या होत्या.

चहा हातात निवत होता. वाटलं, निमेशने केलं असेल. तो पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा विचारलं.

"मी? मावशी, माझे स्वतःचे बूट मला सापडत नाहीत."

चंद्रप्रकाश तर माझ्याबरोबर गेटवर होता. मग मनाची समजूत घातली की हादऱ्याने फिरले असतील. माझं स्टूल नाही का सरकलं? पण हादऱ्याने फिरतील तर कसेही फिरतील. एवढे जोड एकाच बाजूला, टाचेला टाच लावून?

भीती वाटली असं नाही म्हणणार. उलट छातीत काहीतरी ऊबदार झालं. कुणी बघत नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "शाब्बास रे पोरा." आणि लगेच जीभ चावली, कारण त्याला शाबासकी आवडायची नाही.

तेव्हा मला तो एक जोड दिसला.

रांगेपासून वेगळा, शटरला लागून. मित्राचे हिरवे फ्लोटर्स. त्यांची तोंडं आत होती.

५

म्हटलं, राहून गेले असतील. मी ते उचलले, रांगेत ठेवले, बाहेर तोंड करून. सुतळीही बांधली. मग बँकेच्या शर्टवाल्याला घरून फोन आला म्हणून त्याचे बूट काढून दिले. वळून बघते तर फ्लोटर्स परत शटरशी. तोंड आत. गाठ तशीच.

पुन्हा फिरवले. या वेळी मी त्यांच्यावरून नजर काढली नाही, निदान मला तरी तसं वाटतं. पण आत सगळी पोरं एकदम ओरडली, मी दचकून तिकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच. आता ते गोधडीच्या काठाखाली गेले होते, अर्धे आत.

मी गोधडी बाजूला केली आणि आत गेले.

लाल-निळ्या मॅटवर पोरं उड्या मारत होती. पण मधोमध एक गोल जागा मोकळी होती. तिथे कुणी नाचत नव्हतं आणि कुणी तिकडे बघतही नव्हतं. नाचत नाचत जवळ गेलेला माणूस न बघता वळून जात होता, रस्त्यात डबकं असलं की आपण पाय आपोआप वळवतो ना, तसा.

त्या मोकळ्या जागेत मॅट दबत होती. डावीकडे दोनदा, छोटीशी. मग उजवीकडे मोठी. टक-टक, धप.

माझ्या डोक्याने लगेच कारण शोधलं. मॅट जुन्या आहेत, खाली हवा शिरली असेल, पेट्यांच्या आवाजाने फुगत-बसत असेल. बरोबर आहे. पण हवेला डावं-उजवं कुठे कळतं? आणि ते दबणं एका जागी नव्हतं. ते सावकाश, ठोका न चुकवता, मित्राच्या टेबलाकडे चाललं होतं.

मित्रा खाली बघून बटणं फिरवत होती. तिच्यासमोरच्या मॅटचा निळा चौकोन दबला आणि दबलेलाच राहिला. कुणीतरी थांबून उभं असल्यासारखा.

तेवढ्यात निमेशने हात वर केला. दहा वाजत आले होते. गाणं बंद झालं. निळा चौकोन हळूहळू वर आला.

पोरं घामाघूम होऊन, एकमेकांच्या गळ्यात पडत बाहेर आली. मी सुतळ्या सोडत गेले, तशी बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या बुटांत पाय घालून निघालीसुद्धा. एक मुलगी म्हणाली, "मावशी, किती गोड! आपोआप पाय गेले."

मित्रा सगळ्यांत शेवटी आली. तिने फ्लोटर्समध्ये पाय घातले, आणि ते आत तोंड करून होते म्हणून ती उलटी वळली, गाळ्याकडे तोंड करून. तशीच उभी राहिली. आतले दिवे निमेशने बंद केले होते.

"काय गं, काही राहिलं का आत?"

"हो." मग म्हणाली, "नाही. कुणीतरी हाक मारली असं वाटलं."

तिने एक पाऊल टाकलंदेखील. मी तिचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

६

लता दारातच उभी होती. मित्रा आंघोळीला गेल्यावर तिने पदर ओढून मला स्वयंपाकघरात नेलं.

"आला होता?"

म्हणजे गिरणीतलं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. मी सगळं सांगितलं. मला पोटात ठेवता येत नाही, आणि ती आई आहे. बुटांची तोंडं बाहेर होती म्हटल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर धरले. "माझंच लेकरू गं. दुसरं कोण असं करेल?" ती रडत होती आणि हसत होती. मग फ्लोटर्सचं सांगितलं.

लताच्या पुढ्यातल्या ताटात मेथी होती, ती निवडत राहिली. देठ ताटात, पानं जमिनीवर पडत होती, तिला कळत नव्हतं.

"एकटा असेल तो," ती म्हणाली. "बहिणीला बोलावत असेल."

"लता, काय बोलतेस!"

"खोटं आहे का?"

"आणि मग? जाऊ देशील तिला?"

"वेडी आहेस का, मी कशी जाऊ देईन?" तिने वर पाहिलं. "पण त्याला तरी नाही कसं म्हणू, रतन? त्याने कधी काही मागितलं नाही माझ्याकडे."

गाळ्यात वाटली नाही तेवढी भीती मला त्या स्वयंपाकघरात वाटली.

मी मित्राला सकाळी गाठलं. म्हटलं, जागा बदला रे, ती जागा बरी नाही. तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "जागेचं काय घेऊन बसलीस, मावशी? ठोका तर मी जिथे जाईन तिथे माझ्याबरोबरच येणार."

लता आतून म्हणाली, "पुढच्या वेळी मी पण येते."

७

चैतन्य गेल्यापासून लता सेक्टरच्या बाहेर पडलेली मी पाहिली नव्हती. त्या रविवारी ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून रिक्षात बसली. पोरांनी तिला सरबत दिलं, निमेशने वाकून नमस्कार केला. मित्रा तर एवढी खूश, की आईला मिठी मारून आत पळाली.

फ्लोटर्स दारात पडले होते. लता वाकली. तिने ते बाहेर तोंड करून रांगेत ठेवले. मग स्वतःची चप्पल काढली, अंगठा झिजलेली, आणि हाताने शटरशी लावली. तोंड आत.

"हे काय करतेस?"

"त्याला कुणीतरी हवंय ना? मग मला ने म्हणावं."

"लता, ऐक माझं…"

"तू बूट सांभाळ."

आणि गोधडी उचलून ती आत गेली. मी फ्लोटर्स उचलून बगलेत घट्ट दाबले आणि गोधडीच्या फटीला डोळा लावला. चपलांच्या रांगेकडे माझी पाठ झाली.

लता सरळ त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. पोरांना वाटलं काकू नाचणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आणि ती नाचलीच. साडीचा काठ एका हाताने धरून, डाव्या टाचेने दोनदा, मग उजवा पाय. मित्राने वर पाहिलं. पोरीचा चेहरा मी विसरणार नाही. तिने ठोका थांबवला नाही, पण तो हळू केला, आईच्या पायांना झेपेल इतका.

लताच्या समोर मॅट दबत होती. दोघांचे पाय बरोबर पडत होते. मला वाटलं, झालं, आई आणि मुलगा.

मग लता खाली बसली. शाळेच्या बुटांसाठी आपण मुलांच्या पावलाचं माप घेतो तसा तिने समोरच्या खळग्यावर हात ठेवला. एक वीत. अंगठा पुढे नेला, दुसरी वीत. हात थांबला. मग तिसरी. खळगा अजून पुढे होता.

ती उठली. पळाली नाही. ज्याच्यासमोर पळायचं नसतं त्याच्यासमोरून माणूस जसा निघतो, तशी पाठ न दाखवता मागे मागे आली, आणि माझ्या हातावर पडली.

"चैतन्य नाही गं," ती म्हणाली. "पाय केवढा मोठाय."

"मग कोण?"

"मला काय माहीत? पण पावलं त्याचीच टाकतंय. कुठून शिकलं?" तिने माझा हात आवळला. "आणि मग माझा चैतन्य कुठाय?"

मी तिला चप्पल द्यायला वळले, आणि थांबले.

सगळे बूट बाहेर तोंड करून, टाचेला टाच. आणि रांगेत पहिली, शटरपासून सगळ्यांत लांब, आम्ही निघालो की पहिल्यांदा पाय तिथेच पडेल अशी, लताची झिजलेली चप्पल. तोंड बाहेर.

लता तिथेच जमिनीवर बसली. चपलेवर हात फिरवत म्हणाली, "हे मात्र त्याचं." मग जरा वेळाने, अगदी हळू, "म्हणजे तो मला नको म्हणतोय. जा म्हणतोय."

८

'ठोका' चालू आहे. आता मुलुंड-घाटकोपरहून पोरं येतात. मित्राचं नाव झालंय. आमच्या सेक्टरातल्या ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांची मुलं आता तिच्याकडून शिकतात. बंद करा म्हणायला मी एकदा तोंड उघडलं होतं, तर लता म्हणाली, "तिला बंद करायला सांगू नकोस. ती वाजवते तोवर तो दाराशी असतो. दाराशी कुणीतरी असलेलं बरं."

त्यामुळे आम्ही दोघी स्टुलं टाकून बसतो. मित्राचे फ्लोटर्स लता खाली ठेवत नाही. मांडीवर घेते, पदराखाली, दोन्ही हातांनी धरून. आम्ही एकमेकींकडे तोंड करून गप्पा मारतो, बुटांच्या रांगेकडे मुद्दाम बघत नाही. त्याला आवडायचं नाही. बोलता बोलता कधी तरी लताचा पदर आतून हलतो, गोधडीच्या दिशेने ओढल्यासारखा. ती बोलायची थांबत नाही. फक्त तिच्या हातांच्या शिरा वर येतात.

परवा गिरणीत शीतल भेटली. या वेळी तिनेच मला कोपऱ्यात घेतलं.

"रतनताई, तुम्ही तर दारातच बसता. खरं का ते? चैतन्य येतो?"

"येतो," मी म्हटलं.

तिने छातीवर हात ठेवला. "आणि मित्राला आत बोलावतो म्हणतात."

"खोटं आहे. तो सगळ्यांना बाहेर पाठवतो."

"मग बोलावतं कोण?"

तेवढ्यात पट्टा सुरू झाला. मी तिच्या कानाशी वाकले, आणि मला पहिल्यांदाच आयुष्यात वाटलं की एखादी गोष्ट माझ्यापाशीच राहिलेली बरी.

"काय?" शीतल ओरडली. "ऐकू नाही आलं!"

"म्हटलं, ज्वारी जरा बारीक दळायला सांग," मी ओरडून म्हणाले.